गल्लींतील दांडगाई आणि एक शेजारी : रॉबर्ट रेक्स ह्यांचें चरित्र

गांवोगांवच्या मंडळ्यांकडून एक गाऱ्हाणें वारंवार ऐकूं येतें. संध्याकाळ झाली म्हणजे वेशीपाशीं अगर पारावर पोरें जमतात, तोंडाला येतील त्या शिव्या देतात, दगडफेक करतात, शेतांतलीं कणसें आणि मळ्यांतलीं फळें चोरतात, येणाऱ्याजाणाऱ्या बायाबापड्यांची थट्टा करतात. आणि सुटीचा दिवस असला म्हणजे तर विचारूंच नये. ह्यावर उपाय कोणता असें विचारिलें असतां कोणी पोलिसपाटलाकडे बोट दाखवितो, कोणी आईबापांस दोष देतो, आणि कोणी काळच असा आला आहे असें म्हणून दार लावून घेतो. ह्या उत्तरांत थोडेंबहुत तथ्य असेल. परंतु तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. ती ही कीं, उत्तर देणाऱ्यानें स्वतः कांहीं करावें असें त्यांपैकीं एकाही उत्तरांतून निघत नाहीं.

ज्या गृहस्थांचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों, त्यांच्या शहरांतही हेंच गाऱ्हाणें होतें, आणि हींच उत्तरें लोकांच्या तोंडीं होतीं. शब्बाथशाळेचे जनक म्हणून रॉबर्ट रेक्स हें नांव आमच्या शिक्षकबंधूंनीं ऐकिलें असेल. परंतु ती शाळा प्रथम एका गल्लींतील दांडगाईवरचा उपाय म्हणून निघाली, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसेल. म्हणून ती येथें थोड्या विस्तारानें सांगतों.

रेक्स ह्यांचा जन्म इंग्लंडच्या पश्चिम भागांतील ग्लॉस्टर शहरीं १७३६ च्या सप्टेंबर महिन्यांत झाला. त्यांच्या वडिलांचेंही नांव रॉबर्टच होतें. ते धंद्यानें छापखानेवाले असून त्यांनीं १७२२ सालीं ग्लॉस्टर जर्नल नांवाचें साप्ताहिक वर्तमानपत्र सुरू केलें होतें. त्या काळीं पार्लमेंटांतील कामकाज छापण्याची मनाई होती. तें छापल्याबद्दल वडिलांस १७२८ सालीं पार्लमेंटापुढें हजर होऊन ठपका घ्यावा लागला होता. आई एका पाळकाची कन्या होती. अशा घरांत मुलाचें शिक्षण चांगलें झालें. १७५७ सालीं वडील वारले, तेव्हां छापखाना आणि वर्तमानपत्र ह्या दोहोंचाही भार अवघ्या एकवीस वर्षांच्या ह्या तरुणावर येऊन पडला. तो त्यानें नीट संभाळला. १७६७ सालीं त्यांचा विवाह झाला, आणि पुढें त्यांचें घर मुलाबाळांनीं भरून गेलें.

रेक्स कोणी संसार सोडलेले साधुपुरुष नव्हते, हें प्रथमच सांगितलेलें बरें. त्यांस चांगल्या पोशाखाची हौस होती, आणि शहरचे लोक त्याबद्दल त्यांची थोडी थट्टाही करीत. धंदा चांगला चालला होता, चार मोठ्या लोकांत ऊठबस होती. अशा मनुष्यानें घाणेरड्या गल्लींत पाऊल टाकिलें नसतें, तरी त्यास कोणी नांव ठेविलें नसतें.

परंतु वर्तमानपत्राच्या धंद्यामुळें त्यांस शहरांतील सर्व बऱ्यावाईट गोष्टी कळत. ग्लॉस्टर येथें दोन तुरुंग होते. एक शहराचा व दुसरा जुन्या किल्ल्यांतला, तो सर्व जिल्ह्याचा. तेथें काय चाललें आहे हें पाहावयास ते स्वतः जाऊं लागले. त्यांनीं जें पाहिलें तें भयंकर होतें. किल्ल्यांतील तुरुंगांत सर्वांस मिळून एकच अंगण होतें, आणि गुन्हेगार पुरुष व स्त्रिया दिवसा एकाच खोलींत कोंडलेलीं असत. म्हातारा, अट्टल चोर आणि प्रथमच पाय घसरलेला पोरगा हे एकमेकांच्या शेजारीं बसत, आणि चोर पोराला शिकवून तयार करी. कर्जासाठीं कोंडलेल्या कैद्यांस सरकारांतून अन्नही मिळत नसे. कोणी दयाळू मनुष्यानें दिलें तर ते खात, नाहीं तर उपाशी राहत. कित्येक जण निर्दोष ठरल्यावरही, तुरुंगावरील अधिकाऱ्याची फी देण्यास पैसा नाहीं म्हणून आंतच पडून असत. ही शेवटची जुलमी चाल बंद करण्याचा कायदा १७७४ सालीं झाला.

रेक्स ह्यांनीं १७६८ पासून आपल्या पत्रांतून ह्या कैद्यांसाठीं मदत मागण्यास आरंभ केला. त्यांनीं स्वतःचा पैसा घातला, अन्नवस्त्र पोंचविलें, आणि ज्या कैद्यांस वाचतां येत होतें त्यांजकडून इतरांस वाचावयास शिकविण्याची तजवीज केली. तुरुंगांच्या सुधारणेसाठीं ज्यांनीं आपला देह झिजविला, ते जॉन हॉवर्ड १७७३ सालीं ग्लॉस्टरास आले, तेव्हां रेक्स ह्यांच्यासारखा मनुष्य तेथें अगोदरच काम करीत आहे हें पाहून त्यांस समाधान वाटलें.

अशीं वर्षांमागून वर्षें गेलीं. पण रेक्स ह्यांच्या मनाला एक गोष्ट टोंचत राहिली. आज ज्यास दोन शब्द सांगून, अंगावर वस्त्र घालून सोडविला, तोच मनुष्य कांहीं महिन्यांनीं पुन्हां तुरुंगाच्या दाराशीं दिसे. ओढा खालीं गढूळ झाल्यावर तेथें बसून पाणी गाळण्यासारखें हें काम होतें. गाळणारा थके, पण वरून गढूळ पाणी येतच राही. कैद्यांशीं बोलतां बोलतां त्यांस दिसून आलें कीं, बहुतेकांस लहानपणीं कोणी कांहीं शिकविलें नव्हतें, कोणी त्यांची विचारपूस केली नव्हती, आणि आळस व अज्ञान ह्यांतूनच ते हळूहळू चोरीपर्यंत आले होते. तेव्हां ओढ्याच्या उगमाकडे गेलें पाहिजे हें त्यांस कळून चुकलें. परंतु जावयाचें कसें, हें अजून कळलें नव्हतें.

आतां त्या शहरांतील मुलांची स्थिति सांगितली पाहिजे. ग्लॉस्टर येथें टांचण्या करण्याचे मोठे कारखाने होते. त्यांत गरिबांचीं लहान लहान मुलें आठवड्याचे सहा दिवस राबत. शाळेस जाण्याची सवड नाहीं, आणि सवड असली तरी फी देण्यास पैसा नाहीं. रविवारीं कारखाना बंद. आईबाप स्वतः आठवडाभर थकलेले, बहुधा निरक्षर, आणि त्यांच्यापैकीं कित्येक दारूच्या आहारीं गेलेले. मग सहा दिवस दाबून ठेविलेला पोरांचा सारा जोर सातव्या दिवशीं रस्त्यावर बाहेर पडे. मारामाऱ्या, जुगार, शिवीगाळ ह्यांनीं गल्ली दणाणून जाई. आसपासचे शेतकरी आणि रहिवासी म्हणत कीं, सबंध आठवड्यांत मालाची होत नाहीं इतकी नासधूस ह्या एका दिवशीं होते. जो दिवस विश्रांतीचा व उपासनेचा, तोच सज्जनांस सर्वांत भीतीचा झाला होता.

१७८० सालीं एके दिवशीं रेक्स एका माळ्यास कामावर ठेवावें म्हणून शहराच्या कडेला असलेल्या गरीब वस्तींत गेले. माळी घरीं नव्हता. त्याची वाट पाहत ते उभे असतां अंगावर चिंध्या असलेल्या पोरांचा एक घोळका रस्त्यांत गोंधळ घालीत असलेला त्यांनीं पाहिला. हीं मुलें कोणाचीं, आणि अशीं मोकाट कां, असें त्यांनीं तेथील एका बाईस विचारिलें. तिनें सांगितलें कीं, आज तर कांहींच नाहीं. साहेबांनीं रविवारीं येऊन पाहावें, म्हणजे कळेल. त्या दिवशीं कारखान्यांतलीं सगळीं पोरें मोकळीं सुटतात, आणि शिव्याशापांनीं ही जागा इतकी भरून जाते कीं, विचारी माणसाला तेथें नरकच उतरल्याचा भास व्हावा.

वाचकहो, येथें आपण क्षणभर थांबूं. अशा वेळीं रेक्स ह्यांस काय काय करतां आलें असतें? त्यांच्या हातीं वर्तमानपत्र होतें. त्यांत एक कडक लेख लिहून अधिकाऱ्यांची झोप उडवितां आली असती. शहरांत त्यांची पत होती. शिपाई पाठवून चार पोरांस फटके देववितां आले असते. किंवा ग्लॉस्टर बिघडलें असें म्हणून सुस्कारा टाकून, माळी आल्यावर त्याच्याशीं पगार ठरवून घरीं जातां आलें असतें. त्यांनीं ह्यांपैकीं कांहीं केलें नाहीं. त्यांनीं त्या बाईस दुसरा प्रश्न विचारिला : ह्या वस्तींत मुलांस वाचावयास शिकवील अशी कोणी बाई आहे काय? ह्या एका प्रश्नापासून पुढील सर्व कार्य निघालें.

त्या भागांत आपल्या घरीं थोडीं मुलें जमवून त्यांस अक्षरें शिकविणाऱ्या चार स्त्रिया आहेत असें कळलें. रेक्स त्यांच्याकडे गेले, आणि प्रत्येकीस दर रविवारीं एक शिलिंग देण्याचें कबूल करून, आपण पाठवूं तितकीं मुलें त्या दिवशीं शिकवावयाचीं असें ठरविलें. मग ते टॉमस स्टॉक नांवाच्या सहायक पाळकांकडे गेले. स्टॉक ह्यांनीं पूर्वीं दुसऱ्या एका गांवीं मुलांस रविवारीं शिकविण्याचा प्रयत्न केलेला होता, त्यामुळें त्यांस ही कल्पना तत्काळ पटली. दोघे मिळून घरोघर हिंडले, मुलांचीं नांवें लिहून घेतलीं, आईबापांची समजूत घातली. खर्चाचा कांहीं भागही स्टॉक ह्यांनीं आपल्या अंगावर घेतला, आणि रविवारीं दुपारीं शाळांतून फिरून मुलांची परीक्षा घेण्याचें पत्करलें. पहिली शाळा काजळी गल्ली ह्या नांवाच्या बोळांत एका बाईच्या घरीं भरली असें सांगतात. धुराड्यांतील काजळी काढणारे लोक तेथें राहत, म्हणून तें नांव पडलें होतें.

खरें पाहतां, रविवारीं मुलांस शिकविणारे रेक्स हे पहिलेच नव्हत. हॅना बॉल नांवाच्या बाईनें १७६९ सालीं हाय विकम येथें अशी शाळा चालविली होती. पण रेक्स ह्यांनीं जें केलें तें एका त्रासलेल्या वस्तीच्या मध्यभागीं केलें, आणि वस्तींतल्याच माणसांस हाताशीं धरून केलें. ज्या बायांस रविवारचा गोंगाट घरांत बसून सोसावा लागे, त्यांच्याच घरीं तीं गोंगाट करणारीं पोरें आतां बाकावर बसूं लागलीं. आमच्या मतें ह्या सर्व हकीकतींत ही गोष्ट सर्वांत अधिक ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

शाळेचा क्रम साधा होता. सकाळीं दहानंतर मुलें येत आणि बारापर्यंत बसत. मग घरीं जाऊन एक वाजतां परत येत. एक धडा वाचून झाल्यावर त्यांस देवळांत नेत. तेथून आल्यावर साडेपांचापर्यंत प्रश्नोत्तरावली म्हणून घेत, आणि मग सोडून देत. सोडतांना एक ताकीद असे, कीं गलबला न करतां सरळ घरीं जावें आणि रस्त्यांत खेळत राहूं नये. ही शेवटची ताकीद लहान दिसते, परंतु गल्लीला तिचाच उपयोग सर्वांत अधिक झाला. ज्या वाटेनें पूर्वीं पोरें दंगा करीत जात, त्याच वाटेनें तीं आतां निमूटपणें जाऊं लागलीं.

मुलें घेतांना सहा वर्षांपासून बारा किंवा चवदा वर्षांपर्यंतचीं घेत. त्याहून मोठीं, आणि ज्यांस कधींच वळण लागलेलें नाहीं अशीं, बहुधा हाताबाहेर गेलेलीं असत, असा रेक्स ह्यांचा अनुभव होता. प्रवेशाची अट एकच होती. हात व तोंड धुतलेलें असावें, आणि केस विंचरलेले असावेत. कपडे फाटके आहेत, पायांत जोडे नाहींत, अशा सबबी मुलें व आया पुढें करीत. रेक्स म्हणत कीं, ज्या कपड्यांनीं दिवसभर रस्त्यांत हिंडतां येतें, त्याच कपड्यांनीं शाळेंतही येतां येईल. जें गरिबाला करतां येण्यासारखें नाहीं तें त्यांनीं कधीं मागितलें नाहीं. आणि जें करतां येण्यासारखें आहे तें कधीं सोडलें नाहीं. चांगलें वागणाऱ्यांस ते फण्या, जोडे, पुस्तकें अशीं बक्षिसें देत. स्वतः छापखानेवाले असल्यामुळें त्यांनीं मुलांसाठीं एक लहानसें पुस्तकही छापून वांटलें.

पुढें पुष्कळ मुलें देवळांत सकाळच्या प्रार्थनेसही येऊं लागलीं. शिक्षिकेच्या घरीं जमून, दोन दोनच्या रांगेनें, शिपायांच्या पलटणीसारखीं तीं चालत येत. प्रार्थना संपली म्हणजे तीं रेक्स ह्यांच्याभोंवतीं गोळा होत, नमस्कार करीत, आणि आपसांत कांहीं भांडण झालें असल्यास तें त्यांच्यापुढें मांडीत. रेक्स तें ऐकून घेत आणि तेथल्या तेथें मिटवीत. त्यांची शिकवण थोडक्यांत इतकीच असे, कीं एकमेकांशीं प्रेमानें वागावें, दुसऱ्यास चिडवूं नये, आईबापांचें ऐकावें, शिव्याशाप देऊं नयेत. मुलांच्या डोक्यावरून जाईल असें ते बोलत नसत. एकदां त्यांनीं मुलांपुढें लोहचुंबक आणून, न दिसणारी शक्ति लोखंडास कशी ओढून घेते तें दाखविलें, आणि डोळ्यांना न दिसणारा देवही आपल्या जीवनांत कसा कार्य करतो हें त्यावरून समजाविलें. अशा पोरांस ह्याहून चांगला दृष्टान्त कोणता मिळावा?

त्यांच्याविषयीं अशी एक गोष्ट सांगतात. एक मुलगी फार हट्टी होती, आणि आईशीं उद्धटपणें वागून क्षमा मागावयास ती तयार होईना. बोलून सर्वजण थकले. शेवटीं रेक्स म्हणाले कीं, तुला स्वतःची पर्वा नसली तरी मला आहे. आणि तो भरजरी पोशाखांतला गृहस्थ त्या गरीब आईपुढें गुडघे टेंकून मुलीच्या वतीनें क्षमा मागूं लागला. तें पाहून मुलीचा सारा ताठा उतरला आणि ती रडूं लागली. तिच्याकडून पुन्हां तसा त्रास झाला नाहीं.

परंतु ते नेहमींच इतके मऊ होते असें मात्र कोणी समजूं नये. त्यांच्या हाताखालीं शिकलेल्या म्हाताऱ्यांनीं पुढें पुष्कळ वर्षांनीं आठवणी सांगितल्या, त्यांवरून दिसतें कीं, फार दांडग्या पोरांस ते त्या काळच्या रीतीप्रमाणें छडीनें चांगलें झोडपीत. ही रीत आज कोणी घेऊं नये. मुलास मारणें हें आमच्या देशांत आतां शाळांतून कायद्यानेंही बंद झालें आहे. आणि रेक्स ह्यांच्याच उदाहरणावरून पाहतां, छडीचा धाक तर गल्लींत पूर्वींही होताच. त्यानें जें झालें नाहीं तें नांवानें ओळखणाऱ्या, दर आठवड्यास घरीं येणाऱ्या शेजाऱ्यानें झालें.

तीन वर्षेंपर्यंत रेक्स ह्यांनीं ह्या कामाचा गाजावाजा केला नाहीं. वर्तमानपत्र घरचें असूनही त्यांनीं तोंवर वाट पाहिली. मग १७८३ च्या नोव्हेंबरच्या ३ तारखेस त्यांनीं आपल्या पत्रांत एक लहानसा मजकूर छापिला, आणि त्यांतही स्वतःचें नांव घातलें नाहीं. तोंवर शाळांतील मुलांची संख्या दोनशें ते तीनशेंच्या दरम्यान गेली होती. तो मजकूर इतर पत्रांनीं उचलून घेतला. लोकांचीं विचारणा करणारीं पत्रें येऊं लागलीं, आणि त्यांचें एक उत्तर १७८४ सालीं लंडनच्या एका प्रसिद्ध मासिकांत छापून आलें. जॉन वेस्ली ह्यांनीं ह्या शाळांचें स्वागत केलें. विल्यम फॉक्स नांवाच्या व्यापाऱ्यानें १७८५ सालीं लंडनांत शब्बाथशाळांसाठीं एक मंडळी स्थापिली. राणी शार्लट हिनेंही रेक्स ह्यांस बोलावून सर्व हकीकत ऐकून घेतली.

गल्लींत फरक पडला काय? ताग व अंबाडीच्या एका कारखानदाराकडे हींच मुलें कामास असत. त्यास रेक्स ह्यांनीं विचारिलें, तेव्हां त्यानें सांगितलें कीं, रानटी श्वापदांचीं माणसें व्हावीं इतका हा पालट आहे. १७८६ सालीं ग्लॉस्टर जिल्ह्याच्या न्यायाधीशांनीं एकमतानें ठराव करून ह्या शाळांचे आभार मानिले. ज्यांच्यापुढें रोज चोरीमारीचे खटले चालत, त्यांचें हें मत होतें.

तथापि विरोधही थोडा झाला नाहीं. रेक्स आपल्या चिंध्यावाल्या पलटणीसह रस्त्यानें चालले म्हणजे टवाळ लोक त्यांस टोपण नांवें ठेवून हंसत. कोणी म्हणत, रविवारीं शिकविणें हा त्या पवित्र दिवसाचा भंग आहे. कोणी म्हणत, मजुरांचीं पोरें वाचावयास शिकलीं तर तीं काम कोण करील? पुढें फ्रान्सांत राज्यक्रांति झाल्यावर, वाचतां येणारे गरीब बंड करतील अशीही भीति कित्येकांनीं घातली. रेक्स ह्यांनीं वाद घालीत वेळ दवडिला नाहीं. पुढचा रविवार आला कीं ते शाळेंत हजर असत.

आम्हांस येथें खरें तें सांगितलें पाहिजे. ह्या शाळांनीं ग्लॉस्टरांतील दारिद्र्य गेलें नाहीं. लहान मुलांस कारखान्यांत राबविणें त्यानंतरही पुष्कळ वर्षें चाललें. कापडाच्या गिरण्यांतून नऊ वर्षांखालील मुलांस मज्जाव करणारा कायदा १८३३ सालीं झाला. तुरुंगही ओस पडला नाहीं. १७९१ सालीं तेथें नवा, पूर्वींपेक्षां बरा तुरुंग बांधून उघडावा लागला. जें काम राज्यकर्त्यांचें, तें राज्यकर्त्यांसच करावें लागतें. परंतु कायदा होईपर्यंत पन्नास वर्षें हात जोडून बसणें, आणि त्या पन्नास वर्षांत आपल्या गल्लींतील मुलें बिघडूं देणें, हें रेक्स ह्यांस पसंत नव्हतें. शेजाऱ्याच्या हातांत जितकें असतें तितकें त्यांनीं केलें, आणि तें थोडें नव्हतें. १८३१ च्या सुमारास ब्रिटनांतील शब्बाथशाळांत साडेबारा लाखांच्या आसपास मुलें शिकत होतीं.

१८०२ सालीं रेक्स ह्यांनीं धंद्यांतून अंग काढून घेतलें. १८११ च्या एप्रिल महिन्याच्या ५ तारखेस, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीं, ते ग्लॉस्टर येथें आपल्या घरीं एकाएकीं वारले, आणि सेंट मेरी डी क्रिप्ट ह्या देवळांत त्यांस पुरण्यांत आलें. आपल्या प्रेतयात्रेस शब्बाथशाळेचीं मुलें असावींत, आणि प्रत्येकास एक शिलिंग व मनुका घातलेला केक द्यावा, असें त्यांनीं सांगून ठेविलें होतें. १७८० सालीं जितकें दर रविवारीं शिक्षिकेस दिलें, तितकेंच शेवटीं प्रत्येक मुलाच्या हातावर ठेविलें. पुढें १८८० सालीं, शंभर वर्षें झालीं म्हणून, लंडनांत थेम्स नदीच्या कांठीं त्यांचा पुतळा उभारण्यांत आला.

त्यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनीं, म्हणजे १८१३ सालीं, अमेरिकन मिशनचे पहिले मिशनरी मुंबईस उतरले. शब्बाथशाळेची चाल अशा मिशनांबरोबर आमच्या देशांत आली, आणि १८७६ सालीं सर्व हिंदुस्थानच्या शब्बाथशाळांचा एक संघ स्थापन झाला. गांवच्या मंडळींत रविवारीं मुलें ओळीनें बसून गीत म्हणतात, तेव्हां त्या ओळीचें दुसरें टोंक काजळी गल्लींत आहे. पण आमचीं मुलें आंत बसतात, आणि बाहेरचीं बाहेर राहतात, हें आम्ही पाहतों काय? रेक्स ह्यांनीं शाळा काढिली ती देवळांत आधींच शहाणपणानें बसणाऱ्या मुलांसाठीं नव्हे. जीं बाहेर दगड मारीत होतीं त्यांच्यासाठीं काढिली.

ह्या चरित्रावरून गांवकऱ्यांनीं, आणि विशेषतः आमच्या शिक्षक व पंचमंडळींनीं, कांहीं गोष्टी घ्याव्या असें आम्हांस वाटतें.

त्रास देणाऱ्या मुलांचीं नांवें माहीत करून घ्यावीं. पोरें असें म्हणून सर्वांना एकाच माळेंत ओवलें कीं राग येतो. अमक्याचा मुलगा, तमकीचा नातू, असें म्हटलें कीं काय करतां येईल हें सुचूं लागतें. जो सर्वांत अधिक तक्रार करतो, त्यासच हाताशीं घ्यावें. कारण त्या जागेची खरी माहिती त्यालाच असते. मुलांचे आईबाप दुसऱ्या जातीचे किंवा धर्माचे असले तर त्यांची संमति घेऊनच पुढें जावें. अशा वेळीं अक्षरें, पाढे, खेळ, स्वच्छता एवढेंच शिकविलें तरी गल्लीचें काम होतें, आणि कोणाच्या मनांत किंतु राहत नाहीं. नियम थोडे, सोपे आणि गरिबाला पाळतां येतील असे करावे. पण केल्यावर ते मोडूं देऊं नयेत. मुख्य म्हणजे, एक आठवडा उत्साह आणि तीन आठवडे विसर असें करूं नये. जें मूल फसवलें गेलें, तें दुसऱ्यांदा विश्वास ठेवीत नाहीं.

चवदा वर्षांवरील मुलांस रेक्स ह्यांनीं सोडून दिलें, तें मात्र आम्ही तसेंच घेऊं नये. मोठ्या मुलांस शिकणाऱ्याच्या बाकावर बसणें लाजेचें वाटतें. पण लहानांस पोहणें, लेझीम, विटीदांडू किंवा हिशेब शिकवावयास सांगितलें तर तीं खुशीनें येतात. हाताला काम आणि चार लोकांत मान मिळाला म्हणजे पुष्कळांचें पारावरचें बसणें आपोआप सुटतें. आणि जेथें हातभट्टीची दारू, सुऱ्याकाठ्या किंवा बायकांची छेड असा उघड गुन्हा होत असेल, तेथें शाळेची वाट पाहूं नये. पोलिसांस कळविणें हेंही शेजाऱ्याचेंच काम आहे, आणि तें चारपांच घरांनीं मिळून केलें म्हणजे एकट्यावर राग येत नाहीं.

ह्यास पैसा फार लागत नाहीं. रेक्स ह्यांस चार शिलिंग लागले. आमच्या गांवीं एक ओटा, एक फळा आणि दोन विश्वासू माणसें पुरेत. येत्या रविवारीं उपासना झाल्यावर मंडळीच्या वडिलांनीं लगेच घरीं न जातां, एक वही घेऊन आपल्याच आळींतून एक फेरी मारावी, आणि ज्या मुलांविषयीं आठवडाभर गाऱ्हाणीं ऐकिलीं त्यांचीं नांवें, वयें आणि घरें त्या वहींत लिहून आणावीं. मग त्या घरांतील आयांस विचारावें, कीं ह्या आळींत मुलांस शिकवील अशी कोणी बाई आहे काय.